परक्या सैन्याने आणलेले सत्तांतर

पक्षाच्या अभ्यासवर्गांत गेली वीस-बावीस वर्षे एक प्रश्न पुनःपुन्हा विचारला जातो. एखाद्या देशात हुकूमशहा माजला आहे, विरोधकांना तुरुंगात डांबतो आहे, वृत्तपत्रे बंद पाडतो आहे, अल्पसंख्याकांची कत्तल करतो आहे आणि तेथील जनता निःशस्त्र आहे. अशा वेळी बाहेरच्या एखाद्या बलाढ्य राष्ट्राने सैन्य पाठवून त्याला सत्तेवरून खाली खेचले, तर समाजवाद्यांनी त्याला विरोध का करावा? राष्ट्राचे सार्वभौमत्व ही माणसाच्या जिवापेक्षा मोठी वस्तू आहे काय? प्रश्न विचारणारे बहुधा तरुण असतात आणि त्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे काहीच कारण नसते. 'साम्राज्यशाहीची ही नवी चाल आहे' एवढे एक ठराविक वाक्य फेकून त्यांना गप्प बसविण्याची रीत काही ज्येष्ठ कार्यकर्त्यांत रूढ आहे. ती सोडली पाहिजे. प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तरही खऱ्या घटनांतूनच शोधले पाहिजे. त्यासाठी इराकइतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

सद्दाम हुसेनच्या राजवटीविषयी समाजवादी मनात यत्किंचितही हळहळ असण्याचे कारण नव्हते आणि नाही. १९७८-७९ मध्ये बाथ पक्षाने आपल्याच आघाडीत सामील झालेल्या कम्युनिस्टांना वेचून संपविले. मार्च १९८८ मध्ये हलबजा या कुर्दी गावावर विषारी वायूचे बॉम्ब टाकून हजारो स्त्रीपुरुषांना आणि मुलांना मारण्यात आले. १९८७ च्या १५० क्रमांकाच्या कायद्याने सरकारी उद्योगांतील सर्व कामगारांना एका फटक्यात 'सरकारी सेवक' ठरविण्यात आले. सेवकांना संघटना नाही, म्हणून तेल, वीज, बंदरे आणि कारखाने या सगळ्यांतील कामगार संघटना बेकायदा झाल्या. कामगारांचे नाव बदलून त्यांचा हक्क काढून घेण्याची ही युक्ती लक्षात ठेवण्याजोगी आहे; पुढे तिचे काय झाले ते पाहायचे आहे.

हे सर्व चालले असताना आज मानवी हक्कांची भाषा बोलणारी राष्ट्रे काय करीत होती? डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांचे खास दूत म्हणून डोनाल्ड रम्सफेल्ड बगदादला गेले आणि सद्दामशी हस्तांदोलन करून परतले. पुढच्याच वर्षी उभय देशांचे तुटलेले राजनैतिक संबंध पुन्हा जोडले गेले. इराणशी लढणारा सद्दाम उपयोगाचा होता. वीस वर्षांनी त्याच्यावर सैन्य घालताना हेच रम्सफेल्ड संरक्षणमंत्री होते. १९९१ च्या फेब्रुवारीत थोरल्या बुशसाहेबांनी इराकी जनतेला सद्दामला हुसकावून लावण्याचे आवाहन केले. जनतेने ते खरे मानले. मार्चमध्ये दक्षिणेत शिया आणि उत्तरेत कुर्द उठले. त्या वेळी अमेरिकेचे सैन्य इराकच्या भूमीवरच उभे होते. युद्धबंदीच्या अटींत इराकला हेलिकॉप्टरे उडविण्याची मुभा मिळाली होती. त्याच हेलिकॉप्टरांनी बंडखोरांना टिपले आणि परदेशी फौजा पाहत राहिल्या. कुर्दांना नंतर हवाई संरक्षण मिळाले हे नमूद केले पाहिजे. पण जनता स्वतः उठली तेव्हा ती नकोशी होती आणि बारा वर्षांनी जनता उठलेली नसताना तिची मुक्तता अगत्याची झाली, एवढे या इतिहासावरून दिसते.

२० मार्च २००३ रोजी स्वारी सुरू झाली. संहारक अस्त्रांचे निमित्त पुढे करण्यात आले होते. ती अस्त्रे सापडली नाहीत. मग 'लोकशाहीची स्थापना' हे कारण पुढे आले. लोकशाही स्थापन करावयास आलेल्यांनी बगदादमध्ये प्रथम कशावर पहारा बसविला? तेल मंत्रालयावर. हजारो वर्षांचा ठेवा असलेले राष्ट्रीय वस्तुसंग्रहालय त्याच दिवसांत लुटले जात होते. मे महिन्यात पॉल ब्रेमर हे प्रशासक आले आणि त्यांनी दोन हुकूम काढले. पहिल्याने बाथ पक्षाच्या वरच्या श्रेणींतील सर्वांना सरकारी नोकरीतून काढून टाकले. दुसऱ्याने इराकचे सैन्यच बरखास्त केले.

येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. सत्ता म्हणजे राजवाड्यात बसलेला एक माणूस नव्हे. तहसील कचेरीत खेटे घालणाऱ्या कार्यकर्त्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. सत्ता म्हणजे सातबारा लिहिणारा तलाठी, धान्य वाटणारा दुकानदार, पाण्याचे पंप चालविणारा कारकून-कामगार, शाळामास्तर, चौकीवरचा शिपाई. हुकूमशाहीत यांतले पुष्कळ लोक भाकरीसाठी पक्षाचे सभासद होतात. इराकात हजारो शिक्षकांनी नोकरी टिकावी म्हणून सभासदत्वाचे कार्ड घेतले होते. ते सर्व घरी बसले. कित्येक लाख शिपाई आणि अधिकारी हातात बंदूक आणि घरी उपाशी मुले अशा अवस्थेत रस्त्यावर आले. ज्या देशात जनतेच्या चळवळीने सत्ता उलथते, तेथे त्या चळवळीच्या समित्या, संघटना, कार्यकर्ते जुन्या यंत्रणेची जागा घ्यायला तयार असतात, निदान तिच्यावर अंकुश ठेवू शकतात. परक्या सैन्याच्या मागे असे कोणी नसते. मागे असतात कंत्राटदार. त्यांच्यासाठी ब्रेमर यांच्या कारभाराने सप्टेंबर २००३ मध्ये तेलासारखी नैसर्गिक संपत्ती वगळून बाकीच्या उद्योगांत शंभर टक्के परकीय मालकीला परवानगी दिली आणि कराची कमाल मर्यादा पंधरा टक्के ठरविली. इराकी जनतेने तोपर्यंत एकही मत दिलेले नव्हते.

आता त्या १९८७ च्या कायद्याकडे वळावे. ब्रेमर यांनी सद्दामचे कित्येक कायदे रद्द केले. संघटना बंदीचा कायदा मात्र त्यांनी ठेवला. हुकूमशहाचे पुतळे पाडले, त्याची चित्रे फाडली, त्याच्या नावाच्या वास्तूंची नावे बदलली. कामगाराच्या गळ्यातला त्याने घातलेला फास तेवढा जपून ठेवला. बसरा येथील तेल कामगारांनी कायद्याची पर्वा न करता २००३ मध्येच आपली संघटना उभी केली. मोडलेल्या विहिरी आणि नळ त्यांनी स्वतःच्या अक्कलहुशारीने दुरुस्त केले आणि हे काम परदेशी कंपन्यांना देण्यास विरोध केला. डिसेंबर २००३ मध्ये अमेरिकन सैनिकांनी बगदादमधील कामगार महासंघाच्या कचेरीवर छापा घालून पदाधिकाऱ्यांना पकडून नेले. जून २००७ मध्ये बसऱ्याजवळ नळवाहिनीच्या कामगारांनी संप केला तेव्हा 'निवडून आलेल्या' सरकारने त्यांच्याभोवती लष्कर उभे केले आणि पुढाऱ्यांवर अटकेचे वॉरंट काढले. जुलै २०१० मध्ये वीजमंत्र्यांच्या आदेशाने वीज कामगार संघटनांच्या कचेऱ्यांना कुलपे लागली. नवा कामगार कायदा आला तो २०१५ मध्ये, म्हणजे 'मुक्ती'नंतर बारा वर्षांनी, आणि सरकारी सेवक म्हणून गणलेल्यांना त्याने बाहेरच ठेवले. ज्याला इराक युद्धाचा वर्गीय अर्थ समजून घ्यावयाचा असेल त्याने जाडजूड ग्रंथ वाचण्यापूर्वी या एका कायद्याचे चरित्र वाचावे.

तेथील कम्युनिस्टांची गोष्ट याहून अवघड आहे. सद्दामने ज्यांना चिरडले त्या पक्षाने स्वारीला विरोध केला होता. पण जुलै २००३ मध्ये ताबेदार सैन्याच्या छत्राखाली नेमलेल्या शासक मंडळात त्याच पक्षाचे सरचिटणीस जाऊन बसले. पुण्या-मुंबईत बसून त्यांना दूषणे देणे सोपे आहे. हद्दपारीत आणि भुयारात पंचवीस वर्षे काढलेल्यांना आपल्या शहरात उघडपणे कचेरी थाटण्याची संधी दिसली, ती त्यांनी घेतली. परंतु त्या मंडळातील जागा कोणत्या तत्त्वावर वाटल्या गेल्या होत्या? शिया इतके, सुन्नी इतके, कुर्द इतके. कामगार, शेतकरी, स्त्रिया या नात्याने कोणाचीही मोजदाद नव्हती. परकीय सत्ताधाऱ्याला समाज ओळखता येत नाही, म्हणून तो त्याची जातवार-पंथवार खाती पाडतो. इंग्रजांच्या स्वतंत्र मतदारसंघांचा अनुभव असलेल्या देशाला हे निराळे सांगावयास नको. त्या खात्यांतून पुढे पंथांच्या फौजा निघाल्या. जून २०१४ मध्ये मोसुल शहर 'इस्लामिक स्टेट'च्या हाती पडले तेव्हा त्या टोळीच्या नेतृत्वात सद्दामच्या बरखास्त सैन्यातील अधिकारी होते. त्याच मोसुलमध्ये बांधकामावर राबणारे ३९ भारतीय मजूर पळविले गेले. ते मारले गेले असल्याचे सरकारने संसदेत सांगितले ते मार्च २०१८ मध्ये. तोवर त्यांची कुटुंबे चार वर्षे वाट पाहत होती.

भारताने या प्रसंगी काय केले, याची नोंद काहीशी समाधानाने करता येते. एप्रिल २००३ मध्ये लोकसभेने एकमताने ठराव केला. हिंदी मसुद्यात 'निंदा' हा शब्द होता. इंग्रजीत मात्र 'डिप्लोअर' असा मवाळ शब्द घालून वॉशिंग्टनचे मन सांभाळले गेले. (आपल्या परराष्ट्रनीतीचे दोन चेहरे इतक्या थोडक्यात क्वचितच दिसतात.) त्यानंतर अमेरिकेने भारतीय सैन्याची एक तुकडी इराकात मागितली. दिल्लीतील बरीच वजनदार मंडळी त्याला अनुकूल होती. देशभर विरोध झाला आणि १४ जुलै २००३ रोजी वाजपेयी सरकारला संयुक्त राष्ट्रसंघाच्या स्पष्ट आदेशाविना सैन्य न पाठविण्याचा निर्णय घ्यावा लागला. त्या निर्णयाने किती घरे वाचली!

इराक हा एकट्या बुशचा अविचार होता, असे म्हणून पुष्कळांनी सुटका करून घेतली. मग २०११ मध्ये लिबिया आला. येथे संयुक्त राष्ट्रसंघाचा आदेश होता, प्रदेशातील काही अरब राष्ट्रांची संमती होती, आणि बेनगाझी शहरातील नागरिकांना गद्दाफीच्या फौजांपासून वाचविणे हा हेतू जाहीर झाला होता. १७ मार्च २०११ च्या त्या ठरावावर भारत, ब्राझील, जर्मनी, रशिया व चीन तटस्थ राहिले. दोनच दिवसांनी बॉम्बफेक सुरू झाली. एप्रिलमध्ये आफ्रिकी संघटनेचे नेते तडजोडीचा मसुदा घेऊन ट्रिपोलीत गेले. गद्दाफीने तो मान्य केला, बंडखोरांनी नाकारला, कारण त्यात गद्दाफीच्या हकालपट्टीचे कलम नव्हते. आणि वरून विमाने साथीला असताना त्यांनी तडजोड करावी तरी का? ऑक्टोबरमध्ये गद्दाफी मारला गेला आणि महिन्याच्या अखेरीस 'नाटो'ने मोहीम संपल्याचे जाहीर केले. नागरिकांच्या रक्षणाचा ठराव सत्तांतराचा परवाना कसा बनला, हे ब्रिटिश संसदेच्याच परराष्ट्र व्यवहार समितीने २०१६ मध्ये लिहून ठेवले आहे. नागरिकांवरील संकटाचे चित्र वाढवून रंगविले गेले होते, असाही तिचा निष्कर्ष आहे. ओबामांनी त्याच वर्षी कबूल केले की गद्दाफीनंतरच्या दिवसाची तयारी न करणे ही आपल्या कारकिर्दीतील सर्वांत मोठी चूक होती.

त्या 'नंतरच्या दिवसा'ची हकीकत थोडक्यात अशी: २०१४ पासून दोन सरकारे, एकमेकांविरुद्ध तोफा, लुटलेली शस्त्रे वाळवंट ओलांडून मालीत आणि पुढे. सप्टेंबर २०२३ मध्ये वादळी पावसात डेर्ना शहराच्या डोक्यावरची दोन जुनी धरणे फुटली आणि हजारो माणसे समुद्रात वाहून गेली. धरणे गद्दाफीच्या काळीही नीट निगराणीत नव्हती. पण त्यांच्या दुरुस्तीचा जाब ज्याला विचारावा असे सरकारच पुढली बारा वर्षे त्या देशात धडपणे नांदले नाही.

येथे आपल्या बाजूचा हिशेबही मांडला पाहिजे, नाही तर वरील सर्व टीका एका गोटाची ठरेल. नोव्हेंबर १९५६ मध्ये रशियाचे रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले तेव्हा नेहरू सरकारची जीभ अडखळली होती. जयप्रकाशांनी त्याबद्दल नेहरूंना जाहीरपणे खडसावले. ऑगस्ट १९६८ मध्ये प्रागमध्ये तेच घडले. दिल्लीने स्पष्ट निषेध टाळला आणि अशोक मेहतांनी त्या कारणावरून केंद्रीय मंत्रिपद सोडले. अशोकरावांशी समाजवाद्यांचे मतभेद पुष्कळ होते, पण त्या राजीनाम्याचे मोल कमी होत नाही. डिसेंबर १९७९ मध्ये रशियाचे सैन्य काबूलमध्ये उतरले, नऊ वर्षांनी परत गेले. २००१ मध्ये अमेरिका तेथे गेली. वीस वर्षे राहिली आणि १५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबान पुन्हा काबूलच्या प्रासादात बसले. दोन महासत्ता, दोन विचारसरणी, शेतकऱ्याच्या उद्ध्वस्त बागा मात्र त्याच. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर स्वारी करताना पुतिन यांनीही शेजाऱ्याला दुष्ट राज्यकर्त्यांपासून मुक्त करण्याचीच भाषा वापरली. त्या वेळी डाव्या वर्तुळांतील काही मंडळींना एकाएकी सार्वभौमत्वाचे विस्मरण झाले, हे लाजिरवाणे होते.

हे ऐकल्यावर जाणकार श्रोता हटकून विचारतो: मग १९७१ चे काय? प्रश्न रास्त आहे. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत पाकिस्तानच्या राष्ट्रीय सभेत अवामी लीगला स्पष्ट बहुमत मिळाले होते. सत्ता लोकांनी ठरविली होती आणि लष्कराने ती हिसकावली होती. मुक्तिवाहिनी उभी होती. सुमारे एक कोटी निर्वासित सीमा ओलांडून आले होते. आणि जिंकलेले सैन्य मार्च १९७२ मध्ये परत आले. ढाक्याच्या तिजोरीवर किंवा तागाच्या गिरण्यांवर दिल्लीने आपला प्रशासक नेमला नाही. दिल्लीच्या मनात केवळ करुणा होती असे म्हणण्याचा भाबडेपणा नको, पण तेथे नवे राज्य बांगला जनतेने आधीच जन्माला घातले होते. याहून अवघड उदाहरण कंबोडियाचे. जानेवारी १९७९ मध्ये व्हिएतनामच्या सैन्याने पोल पॉटला हुसकले आणि एक महाभयंकर नरसंहार थांबला. समाजवाद्याने हे नाकारू नये. मात्र त्या वेळी निषेध कोणी केला? संयुक्त राष्ट्रसंघातील कंबोडियाची जागा पुढली कित्येक वर्षे पोल पॉटच्याच बाजूकडे राहावी म्हणून अमेरिका आणि चीन यांनी हात वर केले. नरसंहार थांबविण्याचा कैवार ही मंडळी तेव्हा विसरली होती. आणि कंबोडियातूनही व्हिएतनामचे सैन्य निघण्यास दहा वर्षे लागली.

आपल्या स्वतःच्या सैन्याचा दुसरा अनुभवही झाकून ठेवू नये. १९८७ मध्ये शांतिसेना म्हणून श्रीलंकेत गेलेले भारतीय जवान ज्या तमिळांच्या रक्षणासाठी गेले, त्यांच्याच तरुणांशी लढू लागले. सुमारे बाराशे जवान तेथे पडले आणि १९९० मध्ये सैन्य परतले तेव्हा जाफन्यातले तमिळ आणि कोलंबोतले सिंहली या दोघांनाही ते नकोसे झाले होते. आपण सद्‌हेतूने गेलो होतो, हे उत्तर त्या दोघांनाही पटले नाही.

मग हातावर हात धरून बसावे काय? दक्षिण आफ्रिकेकडे पाहावे. १९४६ मध्ये, स्वतःचे स्वातंत्र्य पुरते हाती आलेले नसताना, भारताने त्या वर्णद्वेष्ट्या राजवटीशी व्यापार तोडला. असे करणारा तो पहिला देश. नंतर जगभरचे गोदी कामगार, विद्यार्थी, खेळाडू त्या बहिष्कारात आले. आत खाण कामगारांच्या आणि वस्त्यांच्या संघटना वाढत गेल्या. अंगोलात क्यूबाचे सैनिक गोऱ्यांच्या फौजेशी लढले, तेही खरे. पण ते अंगोलाच्या सरकारने बोलाविल्यावरून, प्रिटोरियातील गादी बदलण्यासाठी नव्हे. ती गादी १९९४ मध्ये त्या देशाच्या लोकांनी मतपेटीतून बदलली. अठ्ठेचाळीस वर्षे लागली. हा काळ फार मोठा आहे, आणि त्यात मेलेल्यांची संख्याही. परंतु त्या देशात दुसऱ्या दिवशी कचेऱ्या उघडल्या, आगगाड्या धावल्या, कामगार संघटना कायदेशीर राहिल्या. जुलमी राजवटींना शस्त्रे विकणे बंद करणे, पळून आलेल्यांना आसरा देणे, तुरुंगातील कामगार पुढाऱ्यांसाठी येथील संघटनांनी पत्रे, निधी आणि मोर्चे यांची साथ देणे ही कामे विमानांइतकी गाजत नाहीत. आपल्या देशात आजही परदेशी निर्वासितांना हक्क म्हणून आश्रय देणारा कायदा नाही, या गोष्टीकडे परदेशी हुकूमशहांवर चिडणाऱ्यांचे लक्ष क्वचितच जाते.

इराणचा दाखला या संदर्भात सर्वांत बोचणारा आहे. १९५१ मध्ये निवडून आलेल्या मोसादेक सरकारने तेल राष्ट्राच्या मालकीचे केले. ऑगस्ट १९५३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांच्या हेरखात्यांनी ते सरकार उलथविले आणि शहाची गादी बळकट केली. अमेरिकन हेरखात्याच्या कागदपत्रांतून याची कबुली २०१३ मध्ये मिळाली. शहाच्या पंचवीस वर्षांच्या दडपशाहीने लोकशाहीवाद्यांना नामशेष केले आणि राहिलेल्या एकमेव संघटित शक्तीच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, हाती १९७९ ची क्रांती पडली. त्या धर्मसत्तेविरुद्ध तेहरानच्या बसचालकांनी २००५ मध्ये आपली संघटना पुन्हा उभी केली आणि तुरुंगवास पत्करला. २०२२ च्या शरदात स्त्रिया बुरख्याच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. त्यांतील किती जणी, आणि किती कामगार पुढारी, लेखक, वकील तेहरानच्या एविन तुरुंगात गेले!

जून २०२५ मध्ये इस्रायलने इराणवर हल्ला केला, अमेरिकेने त्यात भाग घेतला आणि 'सत्तांतर' हा शब्द पुन्हा उच्चारला गेला. २३ जून रोजी इस्रायलच्या विमानांनी एविन तुरुंगावर बॉम्ब टाकले. इराण सरकारने सांगितलेला मृतांचा आकडा सत्तरहून अधिक आहे. त्यांत तुरुंगाचे कर्मचारी होते, कैदी होते, कैद्यांना भेटण्यासाठी आलेले नातेवाईक होते आणि शेजारच्या वस्तीतील माणसे होती. राजवट जागच्या जागी राहिली. वाचलेल्या राजकीय कैद्यांना दुसऱ्या तुरुंगांत हलविण्यात आले. स्त्रियांना शहराबाहेरच्या करचक तुरुंगात नेण्यात आले, जेथील हाल एविनहून वाईट आहेत.